डावा मुंढा

बाही जिथे अंगाला जोडतात, त्या गोलाईला आमच्या धंद्यात मुंढा म्हणतात. खांद्यावरून खाली उतरायचं, काखेखालून वळसा घ्यायचा आणि पुन्हा खांद्यावर यायचं. ऐकायला सोपं वाटतं, कापून बघा म्हणजे कळेल. अर्धं बोट इकडचं तिकडे झालं की हात वर केल्याबरोबर सगळा कपडा कमरेपासून वर चढतो, नाहीतर काखेत चिमटा बसतो आणि बाई दिवसभर खांदे उडवत फिरते. आमच्या दुकानात मुंढा कापायचा तो ताईंनीच. मी बावीस वर्षं त्यांच्या समोरच्या मशिनवर बसले, गळे केले, खिसे लावले, काजं केली, पण मुंढ्याला कात्री लावायची माझी टाप नव्हती.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. गल्लीतल्या बायका त्यांना सरळ मुंढ्याच्या बाई म्हणायच्या आणि ताईंना त्याचं काही वाटत नसे. अंगाने ठेंगण्याठुसक्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात टेप. जेवतानाही टेप काढायच्या नाहीत. एकदा टेपसकट अंघोळीला गेल्या. मी बाहेरून ओरडले, "ताई, पाणी किती खोल आहे ते मोजताय का?" तर दाराआडून आवाज आला, "आधी तुझी जीभ मोजते, मग पाणी." असं आमचं चालायचं. घर वर, दुकान खाली, मध्ये एक लाकडी जिना. थोरले दीर बस चालवायचे, ते निवृत्त होऊन खिडकीत बसले. माझे यजमान बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. म्हणजे दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर. नवऱ्याचा चेहरा पाहिला नसेल इतका मी ताईंचा पाहिलाय.

दुकान उभं केलं आमच्या सासूबाईंनी. माप घ्यायला पडद्यामागे एक चिंचोळी जागा, उभा आरसा, भिंतीला खुंटी आणि त्या जागेचा एक नियम. टेप हातात असेपर्यंत आकड्यांपलीकडे काही बोलायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, बाईचं अंग म्हणजे तिचं घर आहे, तुम्हाला मोजायला बोलावलंय, झडती घ्यायला नाही. नियम उगाच आला नव्हता. तरुणपणी त्यांनीच एका मुलीचं माप घेताना हसत हसत म्हटलं होतं, अगं, महिन्याभरात कमरेत दोन इंच कशी वाढलीस? मुलीची आई पडद्याबाहेर बसलेली. ती मुलगी पुन्हा गल्लीत दिसली नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या दाराला कुलूप होतं. सासूबाई आजारी पडल्या, शेवटाला भलतंसलतं बोलायला लागल्या, तेव्हाही त्या मुलीचं काय झालं म्हणून विचारत होत्या.

त्यामुळे आम्ही दोघी अगदी तयार झालो होतो. हाताला काय काय कळतं म्हणून सांगू? पाठीला येणारं पोक आरशाच्या आधी टेपला कळतं. दंडावरचे चार बोटांचे वळ, एका बाजूला कापूस भरून सारखी केलेली छाती, घरात कुणाला न सांगितलेला तिसरा महिना. आम्ही आकडा लिहायचो आणि पुढच्या मापाला लागायचो. पोटुशी बाई असेल तर तिने न सांगताच शिलाईत दोन बोटं जादा कापड दाबून ठेवायचो. चार महिन्यांनी ती लाजत यायची, म्हणायची, जरा सैल करून मिळेल का? आम्ही दाबलेलं कापड उसवून सोडायचो. तिला वाटायचं काय नशीब. आम्ही एकमेकींकडे बघून गालात हसायचो आणि स्वतःला फार शहाण्या समजायचो.

ताईंच्या लेकीचं लग्न ठरलं आणि ताईंना स्वतःसाठीच नवे कपडे शिवायचे होते. तोपर्यंत त्या जुन्यापान्यावर भागवायच्या, दुकान स्वतःचं असून. शिवणाऱ्या बाईला स्वतःच्या मुंढ्याचं माप घेता येत नाही. हात उचलला की दंड आखडतो आणि माप खोटं पडतं. म्हणून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि टेप माझ्याकडे दिली. उजवा मुंढा सतरा. मग डावीकडे आले. टेप काखेखालून फिरवली आणि बोटाखाली काहीतरी आलं. हरभऱ्याएवढं, घट्ट, दाबलं की जरासं सरकणारं. टेपवरचा आकडा सतराच्या पुढे दोन सूत, म्हणजे पाव इंच, गेला होता.

माझा हात थांबला. फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू? पण बावीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "सतरा," वहीत सतरा लिहिलं आणि छातीचं माप घ्यायला लागले.  ताईंनी वहीत बघून दोन्ही बाजू सारख्या कापल्या. शिवायचं काम माझ्याकडे होतं. डावीकडची शिलाई मी दोन सूत बाहेरून घातली. काखेत रुतणार नाही एवढं बघितलं. मला वाटलं, केवढं जपलं मी त्यांना.

लग्न झालं, लेक तिच्या घरी गेली, दूर. दोनतीन महिने मी अधूनमधून ताईंच्या डाव्या हाताकडे बघायची. कात्री तशीच चालत होती. मग बघायचं सोडलं. माणसाला नको असलेली गोष्ट विसरायला काही कष्ट पडत नाहीत.

पुढे एका हॉटेलचे साठ गणवेश शिवायला आले. गडद निळं कापड, जाडंभरडं, आणि रंग असला कच्चा की संध्याकाळपर्यंत आमची बोटं शाई सांडल्यासारखी निळी. चौथ्या दिवशी माझ्या मनगटांवर लाल पुरळ उठलं, खाज तर अशी की मशिन सोडून कंगव्याने खाजवत बसले. ताईंच्या दोन्ही हातांवर, मानेवर आणि डाव्या काखेत. आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. तो आमच्याकडेच शर्ट शिवतो, स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. काउंटरवरून वाकून त्याने आमचे हात बघितले आणि म्हणाला, "रंगाची ऍलर्जी. दोघींना एकदम झालीय म्हणजे दुसरं काय असणार?" मलम दिलं. माझं पुरळ आठ दिवसांत गेलं. ताईंच्या हातांवरचं आणि मानेवरचं गेलं. काखेतलं राहिलं.

"घाम येतो ना तिथे," ताई म्हणाल्या. "वाळत नाही."

मग दुकानातल्या मांजरीने त्यांना डाव्या मनगटावर ओरबाडलं. मांजर आमची लाडकी, कापडाच्या ठाणावर झोपणारी, आणि उठवलं की फिस्कारणारी. आठवड्याने ताई म्हणाल्या, काखेत गोळ्यासारखं लागतंय. म्हणजे तोंडाने तसं पहिल्यांदाच म्हणाल्या. औषधवाल्याला तर कारण हवंच होतं. मांजरीच्या नखातून जंतू जातात, हातावर ओरखडा आला की काखेतली गाठ सुजते, महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप उतरते, त्याने पुस्तकात वाचलं होतं म्हणे. थोरले दीर खिडकीतून म्हणाले, मांजराचं काही नाही, हिने नवीन अत्तराची बाटली आणलीय, तिने काख उतलीय. बेकरीवाली म्हणाली, सुई टोचली असेल आणि आत पू झाला असेल, तिच्या बहिणीला झालं होतं तसं. ज्याला त्याला एकेक कारण सुचलं आणि सगळी कारणं खरी वाटण्यासारखी होती. अत्तर फेकलं. मांजर बेकरीवालीला देऊन टाकली. पंधरा दिवसांत आमच्या लेसच्या डब्यात उंदीर झाले आणि ताई मला म्हणाल्या, "बघ, गाठ गेली नाही, मांजर मात्र गेली."

मी हसले. हसायला नको होतं. मला आतून पक्कं ठाऊक होतं की गणवेश यायच्या आधी, मांजरीने ओरबाडायच्या कितीतरी आधी, तिथे हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. पण रंग, मांजर, अत्तर अशी कारणं समोर आली की मी हावरटासारखी त्यांना धरत होते. रंगाचं असेल तर माझा काही दोष नाही. मांजराचं असेल तर गाठ दोन महिन्यांत उतरणार. मी तोंडात मूग धरून बसले आणि शिवत राहिले.

इस्त्रीचं काम रविवारी. दुकान बंद, मी खाली एकटीच, घरातले सगळे कपडे समोर. त्या रविवारी ताईंचा करडा ब्लाउज घेतला, लग्नाच्या वेळी शिवलेल्या सहांपैकी एक. उलटा करून डाव्या मुंढ्यावर इस्त्री टेकवली आणि तशीच उचलली. शिलाई हलली होती. उसवून नवीन घातलेली, अगदी ताईंच्या हातची, बारीक. कापडावर आधीच्या टाक्यांची भोकं दिसत होती. शिवणारीलाच दिसतात ती, दुसऱ्या कुणाला नाही. एक रेघ माझी, दोन सूत बाहेरून घातलेली. तिच्या पुढे दोन सुतांवर दुसरी. तिच्या पुढे अर्ध्या इंचावर आत्ताची. दाबलेलं कापड जवळजवळ संपलं होतं. काखेच्या बाजूने आत मऊ सुती कापडाची पट्टी लावली होती आणि त्या पट्टीवर पिवळट डाग होते.

मी खालचा ब्लाउज काढला, मग त्याच्या खालचा. सहाही तसेच. उजवा मुंढा जसा शिवला तसा, डावा दोन दोनदा उसवलेला.  ही बाई माझ्यासमोर चार हातांवर बसते, आणि माझ्या पाठीमागे सहा कपडे दोन दोनदा उसवते, डॉक्टरकडे जायचं सोडून. मग मनात आलं, तू काय केलं होतंस? तूच सुरुवात करून दिलीस. इस्त्री बंद करून मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. वर ताई भांडी घासत होत्या, आवाज येत होता.

मी त्यांना हाक मारली. त्या हात पुसत खाली आल्या, सहा ब्लाउज उलटे पसरलेले बघितले आणि पडद्यामागे गेल्या. मी आत गेले आणि म्हटलं, "काढा." आवाज चढला होता माझा. त्यांनी बटणं काढली.

सांगते ते शांतपणे सांगायचा प्रयत्न करते. गाठ लिंबाएवढी होती आणि आता सरकत नव्हती. तिच्या शेजारी आणखी दोन लहान. काखेपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत कातडी लाल, गरम, सुजलेली, आणि तिच्यावर बारीक बारीक खळगे, संत्र्याच्या सालीसारखे. पुरळ म्हणत होतो आम्ही त्याला. खाजेचं पुरळ मी माझ्या मनगटावर बघितलं होतं, हे तसलं नव्हतं.

"दुखतं?" मी विचारलं.

"नाही ना," ताई म्हणाल्या. "दुखलं असतं तर गेलेच असते की."

"कधीपासून आहे?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "चार महिने असतील. ते निळं कापड आलं तेव्हापासून."

ते निळं कापड आलं तेव्हापासून. इथे मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे. दुकान बंद." बाकी गिळलं.

डॉक्टरीणबाई तरुण, घाई नसणारी. तिने दोन्ही काखा बघितल्या, मान बघितली, जांघेत बघितलं, दोन्ही बाजूंची छाती हाताने नीट तपासली, डावीकडे बराच वेळ. मनगटावरच्या ओरखड्याच्या खुणेबद्दल विचारलं. मग आम्हाला समोर बसवून बोलली. काखेतली गाठ सुजायला कारणं पुष्कळ, म्हणाली. हाताला, बोटाला जखम होऊन जंतू गेले तर सुजते, मांजराच्या नखाने सुजते, केस काढताना कापलं तर सुजते. कापडाच्या रंगाने, साबणाने कातडी चिडली आणि खाजवून खाजवून त्यात जंतू गेले तरी सुजते. क्षयाने सुजते. काही औषधांनी अंगावर पुरळ येतं आणि गाठीही येतात. रक्ताच्या काही आजारांत येतात. "आणि छातीत काही असेल तर पहिली गाठ काखेतच येते," ती म्हणाली. ताईंनी मान हलवली, कापड किती लागेल हे कुणी सांगावं तशी. मी मात्र खुर्चीचा कोपरा धरून बसले होते.

"किती दिवस झाले?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"चार महिने," ताई म्हणाल्या. तिने तसं लिहून घेतलं. मी समोर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले.

दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि लगेच मोठ्या इस्पितळात फोटो काढायला आणि सुई घालून तपासायला चिठ्ठी दिली. गोळ्या संपायची वाट बघू नका, आधी तारीख घ्या, असं दोनदा सांगितलं. गोळ्यांनी लाली जराशी उतरली असं थोरले दीर म्हणाले. उतरली नव्हती. पण त्यांना तसं दिसत होतं, आणि मीही हो म्हणत होते. बस चालवून चालवून त्या माणसाचे कान गेलेत, आता डोळेही गेले होते म्हणायचे. ते खिडकीतून रस्त्याकडे बघायचे सोडून ताईंकडेच बघत बसायचे. ताई त्यांना म्हणायच्या, "अहो, मी काय थांबा आहे का, असे टक लावून बसलाय?"

सुई घातली तेव्हा मी बाहेर होते. ताई बाहेर आल्या, बटणं लावत म्हणाल्या, "आपल्या सुया बऱ्या गं." मग दहा दिवस वाट बघणं. ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ताई नेहमीसारख्या कापत होत्या. फक्त डावा हात टेबलावर टेकवून ठेवायच्या आणि ठाण ओढायचं झालं की मला खुणावायच्या. एका गिऱ्हाइकाचं माप घेताना मी इतक्या वेळा विसरले की बाईने विचारलं, बरं नाहीये का तुम्हाला? मी म्हटलं, माझं काही नाही. तेवढं मात्र खरं होतं.

निकाल सांगायला मोठे डॉक्टर होते, पिकल्या केसांचे, बोलायला सावकाश. लेकीला यायला वेळ लागणार होता आणि ताई तिची वाट बघायला तयार नव्हत्या. दीर म्हणाले, मला नाही ऐकवणार, मी खाली थांबतो. म्हणून आम्ही दोघीच होतो. डॉक्टरांनी उगाच फाटे फोडले नाहीत. छातीचा कर्करोग आहे, म्हणाले. काखेच्या गाठींमध्ये गेलाय आणि कातडीतही आलाय, लाल दिसतं ते तेच. उपचार आहेत आणि ते लगेच सुरू करायचे. पण आधी एक गोष्ट नक्की कळायला हवी.

"याचे दोन प्रकार असतात," ते म्हणाले. "एक अगदी झपाट्याने येतो, दोनतीन महिन्यांत कातडी लाल होते. दुसरा आत सावकाश वाढत राहतो आणि खूप उशिरा कातडीपर्यंत पोचतो. औषधं कुठली, कुठल्या क्रमाने, शस्त्रक्रिया केव्हा, हे त्याच्यावर ठरतं. कागदावर चार महिने लिहिलंय. नीट आठवून सांगा. पहिली गाठ हाताला लागली ती कधी?"

"चार महिने," ताई म्हणाल्या.

मला स्वतःची चीड आली.  आयुष्यभर जिभेला धार लावून गल्लीत मिरवले. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायची, काजाचा टाका चुकला तर बोलायची, आणि जिथे बोलायचं तिथे दातखीळ. अजूनही मी गप्प बसले असते, एवढी मी भित्री आहे. पण त्या डॉक्टरांनी पेन उघडून धरलं होतं आणि ते चार महिन्यांवर खूण करून पुढे जाणार होते.

"अकरा महिने," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"मी यांची धाकटी जाऊ. शिवणकाम करते. लेकीच्या लग्नाआधी यांचं माप मी घेतलं होतं. तेव्हा होती. हरभऱ्याएवढी, सरकणारी. पुरळ नव्हतं, लाली नव्हती. मी वहीत खोटा आकडा लिहिला." एवढं एका दमात बोलले.

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चार खोडून अकरा केलं, खाली काहीतरी लांबलचक लिहिलं आणि म्हणाले, "हे सांगितलंत ते चांगलं केलंत, यावर औषध बदलतं." अकरा महिन्यांपूर्वी आलो असतो तर, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "तेव्हा लहान होतं," एवढंच म्हणाले. मग रक्त तपासायच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं, नर्स बोलावेल म्हणून.

बाहेर लांब बाक होता. पलीकडे एक म्हातारा खोकत होता, समोर पाण्याचं मशिन. ताई बसल्या, मी उभीच राहिले. कुठल्या तोंडाने बसू त्यांच्या शेजारी? शेवटी त्यांनीच पदराचं टोक ओढावं तसा माझा हात ओढला आणि बसवलं.

"ताई," मी म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुझा हात थांबला होता," त्या म्हणाल्या. "मला काय कळणार नाही? बावीस वर्षं तुझा हात बघतेय. मला ती गाठ त्याच्याआधी पंधरा दिवस लागली होती. माप तुझ्याकडून घेतलं ते त्याच्यासाठीच. कपडे काय, जुन्या मापावरही झाले असते."

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"स्वतःहून कसं बोलायचं ते जमेना मला," ताई म्हणाल्या. "लेकीचं लग्न तोंडावर, ह्यांचा जीव एवढासा. वाटलं, तुझ्या हाताला लागू दे. तुला काही वावगं वाटलं तर तू बोलशील, तुझं तोंड कुठे गप्प बसतंय. आरशात मी तुझ्याकडेच बघत होते. तू थांबलीस आणि मग सतरा म्हणालीस. मी म्हटलं, झालं, हिला काही विशेष वाटलं नाही. हिच्या हाताखालून हजार बायका गेल्यात. हिने सतरा लिहिलं म्हणजे काही नसणार." त्यांनी चष्मा वर सरकवला. "दोन दिवस इतकी छान झोप लागली मला."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. भांडल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, तर मला काहीतरी हाताशी धरायला मिळालं असतं. त्या बाकावर माझ्या शेजारी बसून राहिल्या, उजव्या हाताने डावा दंड धरून, आणि म्हातारा खोकत होता.

दार उघडलं. नर्सने कागदावर बघून त्यांना हाक मारली आणि विचारलं, आत सोबत नातेवाईक कोण येणार, उपचार सुरू असेपर्यंत तेच नाव राहील, एकच लिहायचं आहे. खाली दीर होते, लेक वाटेत होती.

ताई उठल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही येईल."